पाचवं वटवाघूळ

सकाळचं तिरपं ऊन जाळीतून फरशीवर उतरलं की ते प्रकरण मला आजही आठवतं आणि खरं सांगतो, बरं वाटतं. पोलिसाच्या नोकरीत अशा आठवणी फार नसतात.

चंद्रपूरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीत दातांचे एक म्हातारे चिनी डॉक्टर राहायचे. त्यांचे आजोबा चीनमधून कलकत्त्याला आणि तिथून इथे आलेले. डॉक्टर बोलायला मात्र पक्के चंद्रपूरचे. एके सकाळी ते ठाण्यात येऊन म्हणाले, "साहेब, माही खिडकी चोरीले गेली."

ठाणे अंमलदाराला हसू आवरेना. मी त्याला गप्प केलं, फिर्याद नोंदवली आणि पंचनाम्याला गेलो. आजोबांनी चीनमधल्या घरून आणलेली लाकडी जाळी खिडकीतून काढून नेली होती. समोरच्या खाटेवर डॉक्टरांची पत्नी. आता घरीच ठेवा म्हणून नागपूरच्या इस्पितळातून परत पाठवलेली. रोज सकाळी त्या जाळीची सावली पांघरुणावर पडायची, ती बघत त्या पडून असत. "जाच्या आधी एकडाव दिसली पायजे, साहेब," एवढंच त्या बोलल्या.

डॉक्टरांनी फोटो दाखवला. एकही खिळा न मारता गुंफलेल्या बारीक पट्ट्या, कडेने ढगांच्या वेलांट्या आणि मध्ये पंख मुडपलेली पाच वटवाघळं. इतकी डौलदार, की सांगेपर्यंत मला ती फुलंच वाटली. हवालदार पुटपुटला, "घरात वटवाघळं कोन कोरते जी?"

मी जुन्या वस्तूंचे व्यापारी पालथे घातले. व्यर्थ. मग बाजारातल्या एका सुतार मिस्त्रीचा निरोप आला. एक बाई जाळी टाकून गेली होती. वटवाघळं तासून मोर कोरायला सांगत होती. "हमसे नहीं हुआ, साहब," मिस्त्री म्हणाला. "इतना सुंदर काम कैसे छीलता?"

त्याने सांगितलेलं वर्णन डॉक्टरांच्या पत्नीची सेवा करणाऱ्या बाईशी जुळलं. महिला शिपायाला सोबत बसवून मी चौकशी सुरू केली. चहा समोर ठेवला, तशी बाई रडायलाच लागली.

"मी चोरी नाई केली जी. रोज थे वटवाघळं बाईच्या आंगावर पडे. मले भेव वाटे. थे गेले तं बाई वाचतीन, असं वाटलं."

तीस वर्षं आरोपी पाहिले. खोटं रडणं मला ओळखू येतं. हे तसं नव्हतं.

मुद्देमाल नेहमीच्या गतीने सुटला असता, तर म्हातारीला तो दिसला नसता. मी स्वतः कोर्टात उभा राहून जाळी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करू या हमीवर, सोडवली. डॉक्टरांनी कोर्टाच्या परवानगीने तडजोड केली. जाळी त्या बाईनेच परत बसवली.

सावली पांघरुणावर आली तेव्हा म्हातारीने बाईचा हात धरून एकेका वटवाघळावर ठेवला. "आमच्या चिनी बोलीत वटवाघूळ अन भाग्य, दोन्हीचा उच्चार एकच. हे लंबं आयुष्य. हे बरकत. हे सुखाची तब्येत. हे चांगुलपना. चारही भेटले मले. अन हे पाचवं, आपल्या घरी, आपल्या मानसांत शांत मरन. याचीच वाट पाहून राह्यली होती, अन तू त्याले सुताराकडं ठेवून आली." बाई हसली आणि रडलीही.

पुढच्याच आठवड्यात, सकाळच्या उन्हात, म्हातारी शांतपणे गेली.

गुन्हा कोणी केला हे शोधायला आम्हाला शिकवतात. कशापायी केला हे विचारायला मी त्या खिडकीपाशी शिकलो.

निवृत्तीनंतर एकदा सावली नावाच्या गावी गेलो, तर एका साध्या घराच्या पूर्वेच्या भिंतीत तीच जाळी. घर त्याच बाईचं. डॉक्टर कलकत्त्याला नातेवाइकांकडे जाताना जाळी तिला देऊन गेले होते.

"आता भेव नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते जी," ती जाळीवरची धूळ पदराने पुसत म्हणाली. "पन पाचवं आता माह्यासाठी राह्यलं हाये."