जिन्याखालचा बाक

ऐंशीच्या घरातल्या टेसीने दहा वर्षं क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाच्या सभाघरातल्या सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं, की ऊब देणारी तेलाची भट्टी काढा, हवा नासते. अखेर धूर न करणारं यंत्र आलं, तर तीच अडून बसली. यंत्राला जागा एकच, जिन्याखाली. आणि तिथला जुना बाक ती हलवू देईना. या सभेत मतदान नसतं. एकाचंही मन नसेल, तर सगळे थांबतात.

"टेसी, तुझं म्हणणं तरी काय?" चिटणीस एलवुड वैतागला. "त्या लाकडासाठी आम्ही थंडीत कुडकुडायचं?"

"कुडकुडा. लेटी कुडकुडलीच की."

लेटी टेसीच्या लहानपणची. रविवारी सगळे गप्प बसून प्रार्थना करत, तेव्हा तिच्या खळ दिलेल्या झग्याचा वास मागून पुढपर्यंत येई. बाहेर पडताना ती टेसीच्या हातावर आल्याचं बिस्कीट ठेवी. लेटी काळी होती, म्हणून जिन्याखालचा तो गार बाक तिचा. युद्ध नको म्हणत तुरुंगात जाऊन आलेली माणसं पुढे बसत, आणि ती तिथे.

"एकदा मी वळून तिच्याकडे बघत राहिले," टेसी म्हणाली. "आईने माझी मान हळूच सरळ केली. म्हणाली, 'पुढे बघ.' आई फार मायाळू होती रे."

मग एलवुड उठला आणि त्याने बाकाचं एक टोक धरलं. दुसऱ्याला टेसीने हात लावला.

आता जिन्याखाली यंत्र घरघरतं. बाक सगळ्यांच्या समोर आहे, त्यांच्याकडे तोंड करून, रिकामा. पुढे बघितलं की तोच दिसतो.