अब्बांची बोटं

मी मस्कतला निघाले त्या दिवशी घरातून आधी बाहेर पडले ते अब्बा. वेल्ह्याचा बाजार होता. बांगड्यांच्या पेट्या घेऊन ते सकाळच्या एसटीने गेले. माझी जीप दुपारची. अम्मी म्हणाली, "तुला जाताना बगवंना त्यास्नी, म्हनून गेलं." भोरमधली आमची अख्खी गल्ली निरोपाला आली होती, नव्हते ते फक्त अब्बा.

इकडे नवरा एसी दुरुस्त करतो आणि मी लेडीज टेलरच्या दुकानात कापड कापते. तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना ठाऊक आहे, नव्या मुलखात जीभ बरीच वर्षं अडखळते, हात मात्र लगेच कामाला लागतात. माझे हातच माझी ओळख झाले. आणि गेल्या वर्षी तेच अडले. सकाळी उठावं तर उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट तळव्याकडे दुमडलेलं. डाव्या हाताने ओढलं की कटकन वाजून सुटायचं आणि कळ कोपरापर्यंत जायची. कात्री धरवेना. मालकीणबाई चांगल्या होत्या, पण जिला कात्रीच धरता येत नाही अशी कापणारी त्या किती दिवस ठेवणार?

दवाखान्यातली डॉक्टर केरळची होती. तिने तळव्यात, बोटाच्या मुळाशी दाबून दुखरी गाठ शोधली. "इथेच इंजेक्शन द्यायचं." सुई बघून मी मूठ आवळली. "हात ढीला छोडो," ती म्हणाली, आणि मला हसूही आलं, रडूही. पासलीहून, विंझरहून बाजाराला आलेल्या बायांना अब्बा आयुष्यभर हेच सांगत आले होते, "हात सैल सोड, बाय. बांगडी आपसूक चढंल."

हळूहळू बोट मोकळं झालं. आनंदाने मी घरी फोन केला, तर अब्बांचे प्रश्नच संपेनात. सुई केवढी असते? नंतर ठणकतं का? शेवटी अम्मीने फोन हिसकावून घेतला. "आगं, त्यांचीबी दोन बोटं अशीच धरल्यात. कुनाला सांगत न्हाईत. बाया हात पुढं करत्यात, तर हे म्हनत्यात, घरी जाऊन भरा. बाया निघून जात्यात."

सुट्टी काढून मी भोरला आले आणि अब्बांना पुण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. इतक्या बायांना धीर देणाऱ्या माझ्या बापाने सुई दिसताच माझी बाही घट्ट धरली.

"लई मोठी हाय गं."

"अब्बा, हात सैल सोडा."

ते चमकून माझ्याकडे बघायला लागले, मग हसले. तेवढ्यात डॉक्टरांचं काम झालंही. इंजेक्शनमुळे रक्तातली साखर थोडे दिवस वाढेल म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं, तर अम्मीने त्यांचा चहा बिनसाखरेचा केला. सुईपेक्षा त्यांना त्याचाच जास्त राग आला. मी मस्कतला परत निघाले त्या दिवशी ते कुठं गेले नाहीत. अंगणात उभे राहिले, जीप वळेपर्यंत.

मी मस्कतला आले तोवर त्यांचं एक बोट सरळ झालं होतं. दुसरं अजून थोडं कुरकुरतं.

परवा दुकानात एका अबायाचं कापड कापत होते आणि अब्बांचा फोन आला. वेल्ह्याच्या बाजारातून. "आयक," एवढंच म्हणाले आणि फोन बहुतेक पेटीवर ठेवला. मागे कंडक्टर ओरडत होता. कुणीतरी बाई म्हणत होती, "हळू वो चाचा, हळू." मग बांगड्यांची किणकिण, एकीमागून एक. आणि अब्बांचा आवाज, "झालं बग. न्हाई ना दुखलं?"

मी कात्री खाली ठेवली आणि नुसतं ऐकत उभी राहिले. मालकीणबाईंनी विचारलं, "कुणाचा फोन?"

अब्बा घरापासून कितीतरी लांब, बाजारात, तरटावर बसलेले होते.

मी म्हटलं, "घरचा."