स्क्रीनवरची रेघ

हृदयविभागाच्या मोठ्या सिस्टर तोंडाने फटकळ, पण पायाला भिंगरी. वीस वर्षं आठ खाटांना त्या एकट्याच, पुरणार कुठून? म्हणून प्रत्येक पेशंटच्या माणसाला दरडावून शिकवायच्या, "स्क्रीनवरची रेघ वेडीवाकडी झाली की बोंब मारा!"

गेल्या महिन्यात हृदयाचं खास शिक्षण घेतलेल्या तीन नर्स आल्या. तरी सवयीने सिस्टरनी काल आजोबांच्या खाटेशी बसलेल्या एका आजींना तोच धडा दिला.

आज आजींनी बोंब मारली. सिस्टर धावत पोचल्या, तोवर नवी नर्स इंजेक्शन देऊन मोकळी झाली होती. रेघ पुन्हा ठेक्यात चालू लागली आणि सिस्टरचा जीव भांड्यात पडला.

आजी मात्र डोळे फाडून स्क्रीनकडेच बघत होत्या. सिस्टरनी त्यांची खुर्चीच फिरवली.

"आजी, ती रेघ बघायला आता माणसं आहेत. तुम्ही आजोबांकडे बघा."