रस्ता ओलांडणाऱ्यांची मोजणी

लोक तिला मोजणीताई म्हणायचे. खरं नाव हजेरीपत्रकात होतं आणि तिथेच राहायचं. काम म्हटलं तर सोपं. सकाळी सहाला रस्त्याच्या कडेला घडीची खुर्ची टाकायची आणि संध्याकाळी सहापर्यंत समोरून जे जातं ते मोजायचं. मांडीवर फळी, फळीवर चार यंत्रं, प्रत्येकाला एक खटका. दाबला की आकडा एकाने पुढे. पहिला मोटारींचा, दुसरा दुचाक्यांचा, तिसरा बस आणि ट्रकचा, चौथा पायी माणसांचा. चौथा बहुतेक ठिकाणी धूळ खात पडलेला असायचा.

अकरा वर्षं तिने डोळ्यात तेल घालून हे केलं. बाकीचे मोजणीवाले दुपारी डुलकी काढून तासाभराचे आकडे मनाने भरत. हिने एक आकडासुद्धा पदरचा घातला नाही. पण या कामाने माणसाचं काहीतरी होतंच. हळूहळू तिला माणसं दिसेनाशी झाली, नुसते आकडे दिसायला लागले. नवरा गेला त्या दिवशी दारात किती जण आले ते तिने मोजलं. एकशे चौदा. त्या गडबडीत रडायचं राहून गेलं, ते राहूनच गेलं. मोठी जाऊ सगळ्यांदेखत म्हणाली, "दगड आहेस गं अगदी." राग यायला हवा होता, हे मोजणीताईच्या लक्षात आलं. पण आला नाही.

घरात आता ती आणि तिची आई. आई एकाहत्तरची. समोरच्या इमारतीत शिलाईवाली मावशी राहायची. ती नात्यातली नव्हे, पण नात्यातल्यांपेक्षा जवळची. मधला रस्ता दोन मोटारी जेमतेम जातील एवढा होता तेव्हा आई रोज चारला चप्पल पायात सरकवून मावशीकडे जायची आणि शर्टांना काजं करायची. कापणं, शिवणं मावशीचं, काजं आईची. मावशी म्हणायची, "माझा शर्ट हिच्यावाचून उघडाच राहतो बघ." तीस वर्षं हे चाललं. तेवढ्यात भाजी घेऊन व्हायची, दोन दारांत थांबून बोलणं व्हायचं, चार जणींची उणीदुणी व्हायची.

मग रस्ता रुंद झाला. झाडं गेली, आठ पदरी डांबर आलं, मध्ये कमरेएवढा दुभाजक आला. माणसांसाठी पूल बांधला तो अर्धा किलोमीटर पुढे, चढायला चौऱ्याहत्तर पायऱ्या आणि उतरायला तेवढ्याच. तो ज्याने कागदावर काढला तो कुणीतरी उंटावरचा शहाणा असणार. त्याला गुडघे नसावेत.

आईचा आधी एक दिवस चुकला, मग आठवडा, मग तिने चप्पल आतल्या खोलीत नेऊन ठेवली. साखर वाढली. पाय सुजायला लागले. ट्रकच्या आवाजाने झोप उडाली आणि धुळीमुळे खिडक्या बंद झाल्या. डॉक्टर म्हणाला, "रोज अर्धा तास चाला, आजी."

"कुठे?" आईने विचारलं.

"कुठेही," तो कागदावर लिहीत म्हणाला.

तेव्हा आई स्वयंपाकघरापासून दारापर्यंत चालू लागली. एकोणीस पावलं. दोघी मैत्रिणी फोनवर बोलायच्या, पण एकच हॉर्न आधी खिडकीतून ऐकू यायचा आणि मग फोनमधून. पुढे फोनही कमी झाले. दिवसात काही घडलंच नाही तर सांगायचं काय?

दुभाजकात एके ठिकाणी बारा फुटांची फट राहिली होती. जे तरणेताठे होते ते जीव मुठीत धरून तिथून पळत. रस्ते खात्याच्या कचेरीने ठरवलं की बारा तासांत पाचशे माणसं तिथून जात असतील तर सिग्नल द्यायचा, नसतील तर कठडा लावून फट बुजवायची. वरातीमागून घोडं! रस्ता रुंद करण्याआधी किती माणसं जात होती, हे कुणी मोजलं नव्हतं. मोजणीताईला जागेची चिठ्ठी मिळाली तेव्हा तिने ती दोनदा वाचली. तिचंच घर, तिचाच रस्ता.

तिने जेवताना आईला सांगितलं.

"म्हणजे माणसं जास्त आली तर सिग्नल मिळणार?"

"हो."

"किती?"

"पाचशे."

 जेवण झाल्यावर आईने मावशीला फोन लावला, बऱ्याच दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत एकशे एकतीस झाले. एक हेल्मेटवाला थांबून म्हणाला, "बाई, काय मोजताय?"

"माणसं."

"माणसं? इथे?" तो मोठ्याने हसला, गाडी कडेला लावून सिगरेट आणायला पलीकडे धावला. तिने खटका दाबला. येताना परत दाबला.

चार वाजता आकडा होता दोनशे छत्तीस. अंगठा खटक्यावरच होता. दोनशे चौसष्ट वेळा दाबायचं, चार मिनिटांचं काम. कुणी पाहत नव्हतं. तिने हिशेब केला आणि अंगठा तसाच राहिला. याला प्रामाणिकपणा म्हणू नये. खोटं बोलायलासुद्धा आतून काहीतरी हलावं लागतं, आणि तिच्या आत काही हललं नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी आई खाली आली. ठेवणीतले कपडे, केस नीट विंचरलेले, एका हाताने भिंत धरलेली. वर्षभराहून जास्त दिवसांनी ती रस्त्यावर उतरली होती. खुर्चीपासून वीस पावलांवर, फटीसमोर येऊन ती उभी राहिली. मुलीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. कामात व्यत्यय नको, एवढं तिला कळत होतं.

मोजणीताईने समोर पाहिलं. पलीकडच्या कडेला मावशी उभी होती. हातात काठी, तिचेही कपडे ठेवणीतले.

दोघींच्या मधून गाड्या जात होत्या. आईने एक पाय डांबरावर ठेवला. बस आली, पाय मागे घेतला. पुन्हा ठेवला. टँकर आला. पलीकडे मावशीचंही तेच चाललं होतं.  मोजणीताईला भीती वाटत होती, आणि किती तरी वर्षांनी वाटत होती. आईने ओलांडू नये असं तिला वाटत होतं आणि आईचा एक आकडा पडावा असंही वाटत होतं. खुर्ची सोडायची परवानगी नव्हती. तिने सोडलीही नाही. ही बोच तिला पुढे फार दिवस पुरली.

नऊ मिनिटांनी आईने मावशीकडे पाहून हात वर केला. मावशीने काठी वर केली. दोघी वळल्या आणि आपापल्या घरी गेल्या.

सहाला साहेब तक्ता न्यायला आले. माणूस बरा होता, म्हणजे ओरडत नसे. एकूण तीनशे बारा. त्याच्याखाली शेऱ्याच्या जागी तिने अकरा वर्षांत पहिल्यांदा काही लिहिलं होतं: पाच दहाला दोन्ही कडांना एकेक वृद्ध बाई आली, नऊ मिनिटं थांबली, परत गेली.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"आल्या होत्या, साहेब."

"ओलांडला का त्यांनी रस्ता?"

"नाही."

"मग त्या नाहीत," साहेब समजावून सांगितल्यासारखं म्हणाले. "आणि शेरा संगणकात चढत नाही हो, ताई. बारा तास झाले ना? या आता."

तिने खुर्ची मिटली आणि ती घरी गेली. आई पलंगावर बसून पाय चेपत होती. तोंड थकलेलं होतं, पण काहीतरी काम उरकून आलेल्या माणसाचं होतं.

"दिसले ना मी तुला?"

"दिसलीस."

"जमलं नाही गं पलीकडे जायला. पण आले होते. तीही आली होती, अगदी कडेपर्यंत." आईने दुसरा पाय चेपायला घेतला. "धरलंस ना आम्हाला?"

मोजणीताईने यंत्रांची फळी कोपऱ्यात टेकवून ठेवली. "धरलं," ती म्हणाली.

"दोघींना?"

"दोघींना."

"मी उद्याही येते. उद्या लवकर येईन, गर्दी कमी असते तेव्हा."

"उद्या नसतं, आई. एकच दिवस मोजतात."

"मग बाई बरंच झालं, आजच आलो ते," आई म्हणाली, आणि मावशीला सांगायला तिने फोन उचलला.