अकरा बिननंबरी अर्ज

रंगनाथराव कुठलाही अर्ज हातात आला की आधी तो पालथा करत. वरचं नाव नाही, गाव नाही, थेट शेवटच्या पानावरची सही बघत. सही नसली की चष्म्यावरून समोरच्याकडे पाहत आणि म्हणत, "वरात घेऊन आला बाप्पा, पण नवरदेव कुठं आहे?" समोरचा माणूस खजील होऊन हसायचा, खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून सही करायचा, आणि मग रंगनाथराव अर्ज सरळ करून पहिल्या ओळीपासून वाचायला घेत.

मी टायपिस्ट म्हणून आदिलाबादच्या शिक्षणखात्याच्या कार्यालयात रुजू झाले, त्या दिवशी माझाही कागद त्यांनी असाच उलटा केला. सही होती, पण खाली तारीख नव्हती. "आज आली का मागच्या जन्मी आली, हे कोण सांगन?" ते म्हणाले. बावीस वर्षांची होते मी. डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी स्वतःचं पेन पुढे केलं. "रडू नको. रिकामा रकाना म्हणजे उघडं दार असते, पोरी. कोणतंही कुत्रं आत शिरते."

सगळ्या जिल्ह्यातून मास्तरांच्या जागांसाठी जे अर्ज येत, ते घ्यायचे, तपासायचे, नंबर टाकायचे, मंडलवार, म्हणजे तालुकावार, लावायचे, यादी करायची आणि मुदत संपली की लाल फडक्याच्या बस्त्यात बांधून हैदराबादला पाठवायचे, हे रंगनाथरावांचं काम. साहेबांशी ते तेलुगूत बोलत, चपराशाशी हिंदीत, आणि खिडकीवर आलेला माणूस तामसीकडचा निघाला की आपल्या बोलीत. अर्जाला मात्र ते मरेपर्यंत दरखास्तच म्हणत. निजामाच्या काळात त्यांचे वडील तहसिलीत होते, तिथून तो शब्द घरात आलेला.

त्यांची एक रीत होती, ती नीट सांगायला हवी. अर्धवट भरलेल्या अर्जावर ते नंबरच टाकत नसत. कारण रजिस्टरात एकदा नंबर पडला की अर्ज सरकारचा झाला. मग त्यात दाखला नसला, सही नसली, तर हैदराबादला तो सरळ बाद होई, आणि बाद झालेल्याला कोणी विचारत नसे. म्हणून टपालातून असा अर्ज आला की रंगनाथराव त्याला त्याचं पाकीट टाचून ठेवत, म्हणजे पोस्टाचा शिक्का राहील, आणि कपाटातल्या एका वेगळ्या गाठोड्यात घालत. त्याला ते 'पावण्याईचा बस्ता', म्हणजे पाहुण्यांचं गाठोडं, म्हणत. मग त्या गावच्या बसच्या कंडक्टरला गाठून निरोप द्यायचे: "फलाण्याच्या पोराले सांगजो, दाखला घेऊन ये म्हणा, रंगनाथरावनं बोलावलं."

आणि रजिस्टरात रोज संध्याकाळी ते पाच-सहा ओळी कोऱ्या सोडत. नंबर टाकलेले, पुढे काही नाही. पाहुणा आला, दाखला आणला, की त्या कोऱ्या ओळीत त्याचं नाव बसायचं. बस्ता बांधायला आठवडा जाई, त्यामुळे मुदतीनंतर चार दिवसांनी आला तरी बसायचं. साहेब बदलत राहिले, पण त्या कोऱ्या ओळींबद्दल एकानेही कधी विचारलं नाही.

नेरडीगोंड्याकडचा एक जण असाच आला होता. कापूस वेचता वेचता निरोप मिळाला म्हणून तसाच बसमध्ये चढलेला, बंडीला बोंडांच्या काड्या चिकटलेल्या. मुदत संपून दोन दिवस झाले होते. त्याने सही केली आणि रंगनाथरावांच्या पायाच पडायला लागला. "ऊठ, लेका," ते ओरडले, "सही वाळू दे आधी, पाया पडून फारम खराब करशीन." तो पुढे हेडमास्तर झाला. दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन येई.

आता तुम्ही म्हणाल, देवमाणूस. म्हणा. मीही दहा वर्षं तेच म्हणत होते.

माझी अक्का, सुमन, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं सगळं तिनेच केलं, म्हणून तिचं शिक्षकाचं ट्रेनिंग फार उशिरा पुरं झालं. आमच्या गावच्या शाळेत मास्तर आठवड्यातून दोन दिवस उगवायचा. उरलेले दिवस अक्का शिकवायची, फुकट. पोरं तिला आधीपासूनच 'मॅडम' म्हणत. पण सरकारी कागदावर ती कोणीच नव्हती, आणि तिची वयोमर्यादा माझ्या नोकरीच्या दहाव्या वर्षी संपत होती. म्हणजे हा अर्ज शेवटचा. हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

तिने तामसीच्या पोस्टातून अर्ज टाकला. स्थानिक रहिवासाचा दाखला जोडला नव्हता, कारण दोन वर्षं ती किनवटला, सीमेपलीकडे महाराष्ट्रात, मामाकडे शिकली होती आणि एम्मारोच्या, म्हणजे तहसीलदाराच्या, कचेरीतला माणूस दाखला द्यायला आज-उद्या करत होता. रंगनाथरावांनी अर्ज पाहिला, पाकीट टाचलं, आणि मला म्हणाले, "तुया अक्काचं फारम पावण्याईत ठेवलं. दाखला आला की बसवून टाकतो. कायजी करू नको."

मी कसली काळजी करणार! आपलाच माणूस कपाटाच्या किल्ल्या कमरेला लावून बसला होता.

पण त्याच वर्षी आमच्याकडे कंप्युटर आला होता. एका खोलीला पडदे लागले, बाहेर चपला काढून आत जायचं, देवळासारखं. श्रीनिवास नावाचा एक ऑपरेटर हैदराबादहून आला. आता यादी टाइप करायची नाही, रजिस्टरही नाही. अर्ज खोलीत द्यायचे, तो एकेक भरणार, नंबर मशीनच देणार, आणि मुदतीच्या दिवशी सगळं फ्लॉपीत घालून हैदराबादला जाणार. रंगनाथराव खिडकीवर अर्ज घेत आणि तपासून आत पाठवत. गर्दीमुळे शेजारी दुसरी खिडकी उघडली होती, तिथला कारकून आला तो अर्ज न बघताच आत ढकलायचा. गाठोडं मात्र कपाटातच होतं. त्यात अकरा अर्ज होते.

मुदतीच्या दिवशी ते चपला काढून आत गेले. मी दारातच उभी होते. त्यांनी श्रीनिवासला सांगितलं, "बाबू, ग्यारा जगा छोड देना. मेहमान आने वाले हैं."

श्रीनिवासचं बोट थांबलं नाही. "हौ चाचा, हो जाता," तो म्हणाला. त्याला वाटलं, म्हातारा चहाला कोणाला बोलावतोय की काय. ऐकलंच नव्हतं त्याने नीट. आणि रंगनाथराव समाधानाने बाहेर आले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

दुपारी साहेबांनी सांगितलं, निल रिपोर्ट द्या. आलेले सगळे अर्ज मशीनमध्ये भरले, कार्यालयात एकही बाकी नाही, असा कागद फ्लॉपीसोबत जायचा होता. तो टाइप करायला माझ्याकडेच आला. मी विचारलं, "रंगनाथराव, ते अकरा?"

"ते कुठं आले अजून?" ते म्हणाले. "नंबर पडल्याशिवाय दरखास्त आली असं म्हनत नाई, मंगला. टाइप कर."

"अक्काचा तसाच देऊन टाका ना आत. दाखल्याशिवाय."

"येडी झाली का? तसाच देला त कायमचा बाद. मी तीस वर्षं पाहून राह्यलो."

मी टाइप केलं. खाली डाव्या कोपऱ्यात टायपिस्टची आद्याक्षरं घालायची असतात, ती घातली. त्यांनी सही केली आणि स्वतःच्या सवयीप्रमाणे कागद खालून वर वाचून काढला.

तिसऱ्या दिवशी अक्काचा दाखला आला. ती पहिल्या बसने स्वतः घेऊन आली होती, नवं पातळ नेसून. रंगनाथराव तो दाखला आणि अर्ज घेऊन श्रीनिवासच्या खोलीत गेले आणि पाच मिनिटांत परत आले. त्यांचं तोंड उतरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मशीनमध्ये जागा सुटत नसते, चाचा, असं तो पोरगा म्हणाला होता. नंबर एकामागे एक आपोआप पडतात, तारीखही तेच टाकतं, आणि फ्लॉपी तर परवाच गेली.

तरी अक्काला ते म्हणाले, "जाय तू निश्चिंत. मी पाहतो."

आणि ते खरंच हैदराबादला गेले. अकरा अर्ज काखोटीला मारून, पदरची रजा टाकून. तिथे एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर दोन दिवस फिरले. सगळीकडे एकच प्रश्न: नंबर काय? नंबर नाही म्हटलं की खिडकी बंद.

ते परत आले त्याच आठवड्यात हैदराबादहून एक यादी आली. ज्या अर्जांत काही कमी आहे त्यांची नावं, आणि पंधरा दिवसांत पूर्तता करा म्हणून सूचना. कोणाची सही नव्हती, कोणाचा दाखला नव्हता, एका महाभागाने तर स्वतःची जन्मतारीखच लिहिली नव्हती. सगळ्यांना परत बोलावलं होतं. नवी पद्धत होती ती. अर्धवट का होईना, अर्ज आत गेला असता तर अक्काचं नाव त्या यादीत असतं. शेजारच्या खिडकीवरच्या आळशी कारकुनाने डोळे मिटून जे आत ढकलले, ते सगळे वाचले. ज्यांची रंगनाथरावांनी काळजी घेतली, तेवढे अकरा मेले.

मी यादी त्यांच्या टेबलावर आपटली. "हे कंप्युटरसोबत आलेल्या परिपत्रकात नव्हतं?"

"होतं," ते म्हणाले.

"तुम्ही वाचलं नाही?"

"वाचलं. इस्वास नाई बसला." मग यादी पालथी करून म्हणाले, "सरकार कोणाले माघारी बोलावते, असं मी कवा पाह्यलंच नाई ना, मंगला."

इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नव्हता. हा माणूस माझ्यासमोर दहा वर्षं दुसऱ्यांच्या अर्जातला एकेक रकाना बोटाने दाखवत होता, आणि स्वतः वाचलेल्या ओळीवर भरवसा ठेवायला त्याला जमलं नाही! मी म्हटलं, "माझ्या बहिणीचं वाटोळं केलं तुम्ही." ते उठले, कपाटातून गाठोडं काढलं आणि माझ्या टाइपरायटरशेजारी ठेवलं.

"याच्यावर पोस्टाचे शिक्के आहेत," ते म्हणाले. "मुदतीच्या आतले. कलेक्टरपुढं ठेवले त हे अकरा वाचतात. खोटा निल रिपोर्ट देला म्हणून मी सस्पेंड होतो. रिटायर व्हाले दीड वर्ष राह्यलं माह्यं. माह्यी हिंमत होत नाई. तुले जायचं त जाय. मी नाई अडवणार."

गाठोडं आठ दिवस माझ्या टेबलावर होतं. मी त्याच्या शेजारी बसून टाइप करत होते. रोज ठरवायचे, उद्या. पण कलेक्टरकडे गेलं की पहिला कागद निघणार तो निल रिपोर्ट, आणि त्याच्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरं. आणि समोर तो म्हातारा, रोज सकाळी येऊन आधी माझ्या टेबलाकडे बघणारा. नवव्या दिवशी त्याने गाठोडं उचललं आणि कपाटात ठेवलं. पंधरा दिवसांची मुदतही लवकरच संपली.

मग त्या अकरा जणांना त्यांनी एकच उत्तर दिलं: "हैद्राबादनं बाद केलं, बाप्पा. मी जाऊन आलो, पण ऐकलं नाई." लोकांनी हैदराबादला शिव्या घातल्या आणि रंगनाथरावांना हात जोडले. आमच्यासाठी इतक्या दूर कोण जातं हो! अक्कानेही हात जोडले. एका शब्दाने कोणी त्यांना दोष दिला नाही, आणि ते सारं त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्यानंतर खिडकीवर ते कोणाची थट्टा करताना मी ऐकलं नाही. अर्ज येई तसा आत पाठवत. एखाद्याने विचारलं, बरोबर भरलंय ना, तर म्हणत, "मशीन सांगन."

ते रिटायर झाले आणि तीन-चार वर्षांत गेले. निरोप आला तेव्हा अक्का गावाहून माझ्याआधी त्यांच्या घरी पोचली होती. ती अजूनही शाळेत फुकट शिकवत होती. आता नवा मास्तर होता, तिच्याहून दहा वर्षांनी लहान, तो तिला वर्ग झाडून ठेवायला सांगायचा. रंगनाथरावांच्या बायकोच्या गळ्यात पडून अक्का रडली. म्हणाली, "माह्यासाठी हैद्राबादले गेले होते ते. सख्खा भाऊ जात नाई."

मला ते सहन झालं नाही. तिला गावी पोचवायला जाताना तामसीच्या बसमध्ये मी तिला सगळं सांगितलं. कोऱ्या ओळी, फ्लॉपी, परिपत्रक, पोस्टाचे शिक्के, माझ्या टेबलावरचे आठ दिवस. वाटलं, निदान त्या माणसावरचा तिचा विश्वास तरी उतरेल, आणि माझ्या छातीवरचा धोंडाही.

अक्का खिडकीबाहेर बघत ऐकत होती. मग तिने विचारलं, "तवाच काऊन नाई सांगितलं?"

"रंगनाथराव सस्पेंड झाले असते, अक्का."

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. आवाजही चढवला नाही.

"हाव," ती म्हणाली. "अन् मी मास्तरीण झाली असती."