काजवाली

ती काज करायची. शर्टाचं, कोटाचं, झग्याचं, बटण आत शिरतं ते भोक कापायचं आणि त्याच्या कडेने बारीक टाके घालायचे, एवढंच काम. एवढंच म्हणायला काय जातंय, करून बघा म्हणजे कळेल. तेवीस वर्षं ती गावातल्या सगळ्यात मोठ्या शिंप्याच्या मागच्या खोलीत बसली होती. मागच्या गल्लीतून यायची, मागच्या गल्लीतून जायची. कारण ती ओढ्यापलीकडची. पलीकडच्या हातांनी आपले कपडे शिवले जातात, हे पुढच्या गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक होऊ नये याची काळजी दुकानाचा मालक, म्हणजे मास्तर, डोळ्यांत तेल घालून घ्यायचा.

पलीकडच्या माणसाला कपडे शिवायचे असले तर त्याने दुकानाच्या पायरीखाली उभं राहायचं आणि एकदा गोल फिरायचं. मास्तर आतूनच बघून माप सांगणार. टेप लावायची म्हणजे हात लागणार, आणि हात लावायचा नव्हता ना! त्यामुळे पलीकडचा माणूस गावात लांबूनच ओळखू यायचा. बाह्या पंजावर आलेल्या, खांदे दंडावर ओघळलेले. वर गावातलेच लोक म्हणायचे, या लोकांना नीट कपडे घालायची अक्कल नाही. संताप येईल नाही तर काय होईल?

गावात तोवर बरंच काही बदललं होतं. शाळेत बाकं मिळाली, दवाखान्यातली रांग एक झाली. फुकट नाही झाली. माणसं तुरुंगात गेली, एकाचा डोळा गेला. टेप तेवढी राहिली होती. मग पलीकडच्या पोरांनी ठरवलं, दर सोमवारी दुकानापुढे उभं राहायचं आणि एकच मागायचं: मास्तरांनी आमचं माप स्वतःच्या हाताने घ्यावं.

त्यात काजवालीची थोरली मुलगी सगळ्यात पुढे. तिने आईलाही चल म्हटलं. आई भडकली. याच काजांवर तू शिकलीस, आता माझ्याच पोटावर पाय देतेस का, असं बरंच बोलली. सोमवारी पोरं बाहेर ताटकळायची आणि ही आत मान खाली घालून सुई ओढायची. ऐकू सगळं यायचं. पण ती उठली नाही.

शेवटी तक्रार वर गेली आणि चौकशीला एक साहेब आला. मास्तर बेरकी. तो घाईघाईने मागच्या खोलीत आला, काजवालीच्या गळ्यात टेप अडकवली आणि हळूच म्हणाला, पुढे चल, एका मुलीचं माप घ्यायचंय, तोंडातून अवाक्षर काढू नकोस, तुझी जागा कायमची पक्की समज. ती पुढे आली. दुकानाची पुढची बाजू ती आयुष्यात पहिल्यांदा बघत होती. मधोमध, साहेबांनी मापासाठी आत बोलावलेली, तिची मुलगी उभी होती. मास्तरला हे नातं माहीतच नव्हतं.

मास्तर साहेबांना सांगत होता, बायकांची मापं आमच्याकडे ही बाई घेते, बघा, टेप लावूनच घेते. मुलीने आईकडे पाहिलं. आता ही ओरडेल, असं काजवालीला वाटलं. मुलीने नुसते हात वर केले, लहानपणी झगा घालून घेताना करायची तसे. काजवालीने छाती मोजली, कंबर मोजली. टेपवरचे आकडे तिला दिसेनासे झाले. आपल्याच हाताने आपण लेकीची लढाई मोडतोय, हे तिला पुरतं कळत होतं.

"लिहून घ्या साहेब," मास्तर म्हणाला.

साहेबांनी लिहायला घेतलं आणि विचारायचं म्हणून विचारलं, "बाई, मापं तुम्हीच घेता?"

"नाही," ती म्हणाली. "आजच घेतलं. मी ओढ्यापलीकडची आहे. ही माझी मुलगी. मास्तरांना हिला हात लावायचा नव्हता, म्हणून मला आणलं. मी मागे काज करते." तिचं लक्ष साहेबांच्या अंगावर गेलं. "तुमच्या कोटाची काजंही माझीच आहेत."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती दोघंही निघून गेली. साहेबांनी वही मिटली.

त्याच संध्याकाळी तिला घरी बसवलं, आणि तिच्यासारखंच मागच्या खोलीत लपून काम करणाऱ्या पलीकडच्या इस्त्रीवाल्यालाही. त्याच्या बायकोने तिला दारात येऊन नाही नाही ते ऐकवलं. तिने ऐकून घेतलं. मुलगी म्हणत राहिली, आई, साहेबांच्या समोर झालंय, निकाल आपल्याच बाजूने लागणार. तिलाही तसंच वाटू लागलं होतं.

महिन्याने निकाल आला. सदर दुकानात सर्वांचे माप टेपने घेतले जाते, तक्रारीत तथ्य नाही. मुलीने कागद दोनदा वाचून दाखवला. काजवालीचा त्यात उल्लेखही नव्हता. तेवढ्यात इस्त्रीवाला आला. मास्तरने गरजेपोटी त्याला गुपचूप परत घेतलं होतं. दारातच घुटमळला, मग म्हणाला, साहेबांचा कोट दुकानात आलाय, तुझी काजं उसवून दुसऱ्याकडून करून मागितलीत.

"सगळी?" तिने विचारलं.

"सगळी. आतल्या खिशाचंसुद्धा."

नोकरी गेली तेव्हा ती रडली नव्हती. आता मात्र भिंतीला टेकून खाली बसली आणि लेकीसमोर मोठमोठ्याने रडली.