आईनं मिटलेलं तोंड

आईची दाढ तीन आठवडे ठणकत होती. लवंग झाली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, आणि दिवसातून चारदा मिसरी लावणं तर चालूच. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तिची निम्मी हयात गेली. मिसरी सोड म्हटलं की तिला ऐकूच यायचं नाही. शेवटी गाल सुजला, तेव्हा मी तिला जवळजवळ ओढतच बेळगावात शहापूरला माझ्या घरी आणलं आणि दातांच्या एका नव्या दवाखान्यात वेळ घेतली.

मऊ खुर्ची, पायांवर पांघरूण, कानांना हेडफोन, छताला टीव्ही. तिथल्या मुलीनं विचारलं, "आजी, भजन लावू का पिक्चर?"

"आधी दाढ बघा," आई म्हणाली. मी तिला डोळ्यांनीच दटावलं.

डॉक्टरीणबाई तरुण, हसऱ्या. त्यांनी पेनाएवढा कॅमेरा आईच्या तोंडात घातला आणि समोरच्या स्क्रीनवर तिचे दात उमटले. एकेक दात वाटीएवढा, काळा पडलेला, झिजलेला. "हे बघा आक्का, इथं किडलंय. हे डाग बघा," बाई उत्साहानं दाखवत होत्या. काचेच्या दारापलीकडे बसलेली माणसंही माना वर करून बघत होती.

आईनं तोंड मिटलं. मिटलं ते मिटलंच.

"आई, उघड गं."

तिनं ओठ आणखी घट्ट दाबले.

"अगं, रजा टाकून आलेय मी! लहान आहेस का?"

तिनं पांघरूण सारलं, चपला घातल्या आणि सरळ बाहेर पडली. बाईंची माफी मागत मी मागे धावले. ती जिन्यात गाल धरून बसली होती.

"एवढ्या सोयी आहेत, आणखी काय पाहिजे तुला?" मी जवळजवळ ओरडलेच.

"माझं त्वांड काय खडेबाजारात मांडलंय व्हय गं? समदी बघत्यात. आन् कुठं दुखतंय ते एकानं बी इचारलं न्हाय."

मीही विचारलं नव्हतं. तीन आठवडे मी फक्त मिसरीवरून भांडत होते.

डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं असावं. त्या आईला हाताला धरून आत घेऊन गेल्या, स्क्रीन बंद केली, काचेवरचा पडदा ओढला आणि स्टूल घेऊन तिच्यासमोर बसल्या. "आता सांगा आक्का. कुठं दुखतंय? कधीपासून?"

आई दहा मिनिटं बोलली. बाईंनी मध्येच तोडलं नाही. मग म्हणाल्या, "दुखलं की डावा हात वर करा. मी लगेच थांबणार."

सुई जवळ आली आणि आईचा हात वर. बाई थांबल्या. "दुखलं?"

"न्हाय. थांबतीस का बघितलं."

असं तीनदा. तिसऱ्यांदा मी कपाळावर हात मारून घेतला. बाई मात्र तिन्ही वेळा थांबल्या. मग आईनं हात पोटावर ठेवला, तो दाढ निघेपर्यंत हलवला नाही.

परतताना रिक्षात, बधिर ओठांनी ती म्हणाली, "बाई चांगली हाय. पुढल्या बारीला तू भाईर बस."

"का?"

"तू लई वरडतीस."

रिक्षावाला खुदकन हसला.

पुढच्या आठवड्यात टाके बघायला गेलो, तेव्हा मी खरंच बाहेर बसले. आतून दोनदा दोघींचं हसणं ऐकू आलं. काय झालं म्हणून विचारलं, तर आई म्हणाली, "ते आमचं आमचं हाय."